भिंतीवरची वंशावळ

घराण्याची वंशावळ सहसा कागदावर असते. बखरीत असते, घरातल्या जुन्या दप्तरात असते, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत असते. ती भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी मांडावी असे एखाद्या राजघराण्याला केव्हा वाटते? जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात एका भिंतीकडेने चालताना हा प्रश्न माझ्या मनात आला आणि पुढे बरेच दिवस तो सुटला नाही.

त्या भिंतीवरच्या चित्राचे नाव फ्युर्स्टनत्सुग, म्हणजे राजांची मिरवणूक. जुन्या राजवाड्याच्या पागेच्या आवाराची ही बाहेरची भिंत. चित्राची लांबी सुमारे १०२ मीटर, उंची दहा मीटरांच्या घरात. ते एका नजरेत मावत नाही, चालत चालतच पाहावे लागते. ड्रेस्डेन ज्यात आहे त्या सॅक्सनीवर आठशे वर्षे राज्य करणाऱ्या वेटिन घराण्याचे ३५ राज्यकर्ते बाराव्या शतकातल्या कोनराडपासून क्रमाने घोड्यांवर बसून निघाले आहेत. चिलखते बदलत जातात, टोप बदलतात, दाढ्या बदलतात. शेवटाकडे येईतो अंगावर एकोणिसाव्या शतकातले लष्करी गणवेश दिसू लागतात. प्रत्येकाच्या खाली नाव लिहिलेले आहे, आणि अनेकांच्या नावासोबत त्यांचे बिरुदही.

ही बिरुदे वाचण्यासारखी आहेत. कोणी थोर, कोणी श्रीमंत, कोणी शहाणा, हे अपेक्षितच. पण याच गौरवाच्या रांगेत एक आल्ब्रेश्ट ‘अधःपतित’ आहे आणि त्याचा मुलगा फ्रीडरिश ‘चावा घेतलेला’ आहे. त्याची आख्यायिका अशी : नवऱ्याच्या वागण्याला विटलेली आई मार्गारेट १२७० मध्ये वार्टबुर्गच्या गडावरून पळून गेली. निघताना मुलाचा निरोप घेताना दुःखाच्या भरात तिने त्याच्या गालाचा चावा घेतला, तो वण त्याच्या नावाला कायमचा चिकटला. या ३५ जणांत एकही स्त्री नाही. पण एका आईचे दुःख मुलाच्या नावातून या भिंतीवर आलेच. घराण्याने बापाचा दोष पुसला नाही आणि मुलाचा वणही झाकला नाही, याबद्दल मला त्या भिंतीविषयी आदर वाटतो.

आता वेळेचा प्रश्न. विल्हेल्म वाल्टर या चित्रकाराने हे काम १८७० च्या दशकात केले. त्याच्या थोडेच आधी, १८६६ च्या युद्धात सॅक्सनी ऑस्ट्रियाच्या बाजूने लढून प्रशियाकडून हरली होती. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभे राहिले, त्याचा सम्राट प्रशियाचा राजा झाला. सॅक्सनीच्या राजाचा मुकुट राहिला, पण मोठे निर्णय बर्लिनमध्ये होऊ लागले. नेमक्या याच काळात वेटिन घराण्याने आपले पूर्वज भिंतीवर उभे केले. कर्तेपण हातातून सुटू लागले की पूर्वजांची आठवण मोठ्या अक्षरांत लिहावीशी वाटते.

हे कळायला मराठी माणसाला जर्मनीत जायची गरज नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १७९९ च्या तहाने, तंजावरचा राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. राजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी वाढवले त्या विद्वान राजाने राज्य गेल्यावर घराण्याची कथा दगडाच्या हवाली केली. १८५५ मध्ये गादीला पुरुष वारस उरला नाही आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केले. भिंतीवरची मराठी अक्षरे मात्र तशीच राहिली.

ड्रेस्डेनच्या चित्राचे पहिले रूप इतके टिकाऊ नव्हते. वाल्टरने रंगीत गिलाव्याचे थर देऊन, वरचा थर खरवडून रेषा काढल्या होत्या. उन्हापावसाने आणि थंडीने तो गिलावा काही दशकांतच खराब झाला. म्हणून १९०४ ते १९०७ या काळात तेच चित्र मायसेनच्या चिनी मातीच्या सुमारे २३ हजार फरशांवर उतरवले गेले. जवळ जाऊन पाहिले तरच फरशांचे सांधे जाणवतात. घोड्याच्या आयाळीची रेषा एका फरशीवरून दुसरीवर न तुटता जाते.

या मातीचीही एक कथा आहे. मिरवणुकीतला बलवान म्हणून प्रसिद्ध असलेला ऑगस्ट राजा सोन्याचा हव्यासी होता. सोने करून दाखवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुण किमयागाराला त्याने कैदेत ठेवले. सोने झाले नाही. पण चिर्नहाउस या विद्वानासोबत केलेल्या प्रयोगांतून युरोपला तोवर बनवता न आलेली कठीण पांढरी चिनी माती हाती लागली. १७१० मध्ये राजाने मायसेनचा कारखाना काढला. ही माती सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला भाजतात.

फरशा बसवून झाल्यावर अकराच वर्षांनी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, शेवटच्या राजाने गादी सोडली. तो या मिरवणुकीत नाही. पुढे फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात ड्रेस्डेनचा मध्यभाग जळाला, जवळचे फ्राउएनकिर्शे हे भव्य चर्च कोसळले, सुमारे २५ हजार माणसे मेली. भिंतीच्या मात्र काहीशे फरशाच निकामी झाल्या. जी माती भट्टीत आधीच भाजून निघाली होती, तिने ती आग सोसली. चित्र वाचले याचे समाधान मला वाटते, पण त्या माणसांचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय ते समाधान व्यक्त करू नये असेही वाटते.

मिरवणुकीच्या शेवटी राजे संपतात आणि विद्वान, कलावंत, कारागीर पायी चालताना दिसतात. अगदी शेवटच्यांत खुद्द वाल्टर आहे. मला ही भिंत त्याची वाटते, आणि त्या कैदी किमयागाराची. राजांनी पुढच्या पिढ्यांना सांगण्यासाठी जे काही योजले, ते कारागिराच्या हाताने आणि मातीच्या, दगडाच्या गुणाने टिकले. राजांचे स्वतःचे बळ तिथे उपयोगी पडले नाही.

आपल्याकडे वंशाच्या अभिमानाला कधी तोटा नसतो; वंशाचा लेख वाचायला थांबणारे मात्र थोडे. तंजावरला आपली माणसे पुष्कळ जातात, मंदिराचे चोळांनी बांधलेले ते प्रचंड शिखर पाहून हात जोडतात आणि फोटो काढून परततात. जाल तेव्हा तिथला मराठी लेख कुठे आहे ते विचारा, आणि त्याच्यासमोर उभे राहून निदान थोडा तरी वाचा. मराठी मुलखापासून इतक्या दूर कोणीतरी तो आपल्या भाषेत कोरला आहे; तो वाचणे हे आपलेच काम आहे.