चार मीटर, तीन रविवार

गेले तीन रविवार मी आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डखाली आडवा होऊन काढले. पाठ धरली, कोपराला भाजलं, आणि बायकोने "शिरूरला एवढं काय ठेवलंय?" असं दोनदा विचारलं. ठेवलेलं काहीच नव्हतं. मीटर बसवायचे होते.

पण त्याआधीची गोष्ट सांगायला हवी.

आमचं घर न्हावऱ्याच्या अलीकडे. धाकटा भाऊ पिकअप चालवतो. केडगावच्या बाजूने गुळाच्या ढेपा, कधी गुलटेकडीला कांदा, कधी पशुखाद्याच्या गोण्या, मिळेल ते भाडं. मे 2023 मध्ये दुपारी दोनच्या उन्हात तो पाटसहून बारामतीकडे भरलेली गाडी घेऊन निघाला आणि रोटी घाटात इंजिन बसलं. घाट कसला, चढच म्हणायचा. पण भरलेल्या गाडीला मे महिन्यात तेवढाही पुरतो. हेड वाकलं होतं, गॅस्केट गेलं, एका पिस्टनने बोअर ओरखडला. सगळं काम धरून 67,000 रुपये झाले, वर सतरा दिवस गाडी उभी.

आप्पांचा प्रश्न एकच. "काट्याकडं बघत नव्हता का?"

भाऊ म्हणाला, काटा मध्यावर होता. शेवटी तर मध्याच्याही खाली आला.

हे कुणालाच पटलं नाही. इंजिन जळतंय आणि काटा खाली येतोय? आप्पांना वाटलं मोबाइलवर बोलत असणार. आणि मला, मी इंजिनिअर, चाकणला नोकरी करतो, मलाही तसंच वाटलं. मी ते बोललो नाही एवढंच. पण न बोललेलं भावाला बरोबर कळतं. त्यानंतर तो माझ्याशी गाडीविषयी बोलायचा बंद झाला. "कशी आहे गाडी?" "चालूय." बस्स.

मग दिवाळीला मला उपाय सुचला. कंपनीच्या मीटरवर भरवसा नाही ना, वेगळा मीटर बसवू! नाना पेठेतून पाण्याच्या तापमानाचा यांत्रिक मीटर आणला. पितळेचा बल्ब, त्याला केसासारखी बारीक तांब्याची नळी, आणि शेवटी 52 मिलिमीटरची तबकडी. वीज लागत नाही. बल्बमधलं द्रव तापलं की त्याच्या वाफेचा दाब वाढतो आणि मीटरमधली वाकडी चपटी नळी सरळ व्हायला बघते, जत्रेतली फुंकायची गुंडाळी उलगडते तशी. त्या नळीला काटा जोडलेला. पॅरिसच्या यूजेन बूर्दों नावाच्या माणसाने 1849 साली या नळीचं पेटंट घेतलं. अजूनही गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरपासून कारखान्यांतल्या बॉयलरपर्यंत बहुतेक प्रेशरचे काटे तिच्यावरच हलतात. मला ही गोष्ट फार आवडते. असो.

बसवण्याआधी मीटर खरा की खोटा बघावं म्हणून अंगणातल्या चुलीवर पातेलं ठेवलं. पाणी खदखदायला लागलं तसा बल्ब आत सोडला. काटा 98 च्या आसपास थांबला. शंभर नाही, कारण आम्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, आणि तेवढ्यावर पाणी जरा लवकरच उकळतं. मीटर खरा निघाला म्हणून मी खूश. हात भाजला म्हणून बल्ब वर ओढला आणि तसाच पातेल्यावर हवेत धरून उभा राहिलो. खाली पाणी उकळतंय. आणि काटा खाली यायला लागला. नव्वद. ऐंशी. सत्तर.

मी तसाच उभा.

इंजिनातला सेन्सर वर, थर्मोस्टॅटच्या घरापाशी असतो. तो पाण्यात बुडालेला असेल तोवर पाण्याचं तापमान सांगतो. त्या दिवशी खालच्या होज पाइपची क्लिप ढिली होऊन पाणी सगळं रस्त्यावर गेलं होतं. ते मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं, आम्हीच त्याचा पुढे विचार केला नाही. पाणी नाही म्हटल्यावर सेन्सर कोरडा. लोखंड लाल व्हायची वेळ आली तरी तो आसपासच्या हवा-वाफेचंच सांगणार. काटा खाली येणारच होता.

आप्पा ओट्यावर बसून बघत होते. मी त्यांना बोलावलं आणि पुन्हा करून दाखवलं. बल्ब आत, काटा वर. बल्ब बाहेर, काटा खाली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः करून बघितलं.

"मंग त्यो खरंच सांगत होता म्हनायचा," आप्पा म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

भाऊ तेव्हा घरी नव्हता. रात्री आला तेव्हा मी पातेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मी तर सांगितलंच होतं." आणि जेवायला बसला.

तर सांगायचा मुद्दा, मी आणलेला मीटरही त्या दिवशी तसाच खोटं बोलला असता! पाण्याचा नव्हे, लोखंडाचा ताप मोजायला हवा होता. त्यासाठी वॉशरसारखा कडीचा सेन्सर मिळतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, तापला की अगदी किंचित व्होल्टेज देतो. तो हेडवरच्या एका ब्रॅकेटच्या बोल्टखाली आवळला. हेडचे मुख्य बोल्ट सोडायचे नसतात, एवढं मला कळतं. पाणी असो नसो, हेड तापलं की आकडा चढणार, आणि 110 ला बझर ओरडणार. पाण्याचा मीटरही बसवला. दोन्ही आकडे एकमेकांपासून लांब जायला लागले की पाणी गेलं समजावं.

तिसरा ऑइल प्रेशरचा. यांत्रिक घेतला तर गरम ऑइलची नळी केबिनमध्ये येते, आणि ती फुटली तर भावाच्या पायावर. म्हणून विजेवरचा. इथे दुसरा रविवार गेला. सेंडरचे आटे अमेरिकन मापाचे, गाडीचे ब्रिटिश. एकाला इंचात 27 आटे, दुसऱ्याला 28. गंमत अशी की दोन-तीन फेरे व्यवस्थित बसतात आणि मग अडकतं. तिथे जोर लावला की ब्लॉकचे आटे गेलेच. दौंडला स्टेशनजवळ एका लेथवाल्याकडून पितळेचा जोड करून घेतला. त्याने माप घेताना चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "जुना दिवा ठेवायचाय ना?" ठेवायचा होता. म्हणून टी. भला माणूस, चहाही पाजला.

घरी येऊन आट्यांना मी भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली, गळायला नको म्हणून. चावी फिरवली तर इंजिन बंद आणि प्रेशर 10 बार! सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो, आणि टेपने तोच तोडला होता. भाऊ पहिल्यांदाच मनापासून हसला. "इंजिनिअर," म्हणाला.

चौथा टर्बोच्या बूस्टचा. हा शौक वाटेल, पण नाही. इंटरकूलरचा पाइप कुठे चिरला की बूस्ट पडतो, काळा धूर येतो आणि डिझेल जास्त जातं. हे महिनाअखेरीला हिशोबात कळण्यापेक्षा चढावर कळलेलं बरं. पाचवा, धुराच्या तापमानाचा, मात्र मुद्दाम सोडला. त्यासाठी एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला भोक पाडावं लागतं, आणि लोखंडाचा एक कीस टर्बोच्या पंख्यात गेला की मीटरपायी टर्बो गमावला.

मांडणीवरून आमचं खरं भांडण झालं. मला चौघे एका रांगेत, सरळ, देखणे हवे होते. भाऊ म्हणाला, मला रात्री आकडे वाचायला वेळ नसतो. मग काटेवाले तिन्ही मीटर आम्ही खोक्यात फिरवून बसवले. गाडी भरलेली, चढ, सगळं ठीक असताना तिन्ही काटे बाराच्या दिशेने उभे राहावेत असे. आकडे तिरके झाले, एकाचं नाव तर उलटं वाचावं लागतं. पण एक काटा वाकला की डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. रेसच्या गाड्यांत असंच करतात हे मी वाचलं होतं, पण भावाने वाचलं नव्हतं. त्याला ते आपलं आपण सुचलं. हेडचा आकडा स्टीअरिंगच्या वर अगदी समोर ठेवला. दिवे काचेत चमकत होते ते मंद केले.

आता नवीनच उपद्रव. आप्पा शेजारी बसले की रस्ता बघतच नाहीत, काटे बघतात. पारगावच्या पुलापासून चौफुल्यापर्यंत मोठ्याने वाचतात. "चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. आरं, शहाण्णव झालं." भाऊ वैतागला. परवाच्या रविवारी त्याच्या सांगण्यावरून मी मीटरचं खोकं सोडून ड्रायव्हरकडे चांगलं वळवून बसवलं, बाजूला पत्र्याची आडही लावली.

काल फोन केला तर भाऊ म्हणाला, दादा, काही उपयोग नाही. ते आता वाकून बघतात.