रात्रीची पणजी बघायचीय? मग गाडी राहू द्या, चालत या

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. कधी पुण्याची बहीण, कधी इंदूरची मावसबहीण, कधी बडोद्याच्या नणंदेच्या सोसायटीतलं कुणीतरी. प्रश्न ठरलेला. "आम्ही गोव्याला येतोय, रात्रीचं कुठे जायचं ते सांग ना! तू तर तिथलीच." मी म्हणते, पणजीला या. पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, "पणजीत काय असतं गं रात्री? तिथे तर लवकर सामसूम होते म्हणे."

बागा-कळंगूटच्या झगमगाटासमोर पणजी सामसूमच वाटणार. पण तुम्ही घरातल्या सगळ्यांना घेऊन येणार असाल, किंवा नुसती दारू नाही तर गाव बघायचं असेल, तर माझं ऐका. माझं माहेर सावंतवाडी. लग्न होऊन पणजीच्या मळ्यात आले, त्याला आता तीस वर्षं होत आली. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याचा हा भाग. दोन गल्ल्या ओलांडल्या की फोंतेन्हास, तुम्ही फोटोत बघता ती पिवळी-निळी घरं.

आमची रात्र सहा वाजता सुरू होते. दुपारी जेवून गाव झोपतं, बरीच दुकानंही बंद असतात. संध्याकाळी मात्र सगळे बाहेर पडतात. तुम्हीही तेव्हाच मांडवीच्या काठाला या. जुन्या सचिवालयाजवळ, म्हणजे आदिलशहाच्या जुन्या वाड्याजवळ, आबे फारियांचा पुतळा आहे. झोपलेल्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा असलेला हा माणूस बघून मुलं घाबरतात. त्यांना सांगा, हे गोव्याचे धर्मगुरू, संमोहनशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक.

तिथून थोडं पुढे बेतीला जाणारी फेरीबोट मिळते. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे जा, उतरू नका, त्याच बोटीने परत या. अंधार पडता पडता पाण्यातून पणजी बघायला मिळते. काठावरचे दिवे, डावी-उजवीकडे कॅसिनोची जहाजं, लांबवर २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. नाचगाण्याच्या क्रूझ आहेतच, पैसे भरून खुशाल जा. पण माझ्या सासूबाई पाहुण्यांना फेरीनेच फिरवून आणायच्या आणि कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही.

कॅसिनोबद्दल विचाराल तर २१ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत, आणि माझं मत विचाराल तर बाकीच्यांनीही बाहेरूनच दिवे बघावेत.

आता खाण्याचं. बारचं नंतर, कारण आधी पोटात काही हवं. संध्याकाळी पणजीत ठिकठिकाणी गाडे लागतात. तिथे रॉस ऑम्लेट मागा. साधं ऑम्लेट, त्यावर कांदा-मिरची, आणि वरून शागुतीचा गरम गरम रस ओतलेला. सोबत पाव. रश्श्यात खसखस आणि भाजलेल्या खोबऱ्याची चव लागते. शाकाहारी असाल तर जरा लवकर निघा, पातळभाजी-पाव आणि मिरचीची भजी खा. कॅफे तातो, कॅफे भोसले ही नावं कुणालाही विचारा, बोट दाखवतील.

आणि आता तावेर्न. हा पोर्तुगीज शब्द कोकणीत घरचाच झालाय. तावेर्न म्हणजे बारच, पण तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसा नाही. एक लहानशी खोली, दोन-तीन टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, एखाद्या संताची नाहीतर देवीची तसबीर, तिच्यापुढे छोटा दिवा. कोपऱ्यात गराफांव, म्हणजे फेणी साठवायची काचेची फुगीर मोठी बाटली. कचेरीतून सुटलेला कारकून, रंगारी, निवृत्त मास्तर, सगळे जेवणाआधी एक पेग घ्यायला येतात. मालक विचारतो, "कितें जाय, पात्रांव?" पात्रांव म्हणजे साहेब, मालक. तुम्हालाही तेच म्हणेल.

मी पहिल्यांदा अशा ठिकाणी गेले ती सासऱ्यांना बोलवायला. लग्नाला महिनाही झाला नव्हता. माझ्या माहेरी बार हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात उच्चारला जायचा. आणि इकडे सासूबाई सहज म्हणाल्या, "जा, बाबांना सांग, जेवण वाढलंय." दारात पाय अडखळले. आतल्या म्हाताऱ्या मालकाने मला बघितलं, खुर्ची पुढे केली, लिंबू-सोडा करून दिला आणि सासऱ्यांना म्हणाला, "सून आयली, आता उठ." तोवर आत चाललेली चर्चा काय, तर कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत कुणाचं नाटक रटाळ झालं. मला वाटलं होतं भांडणं असतील, शिवीगाळ असेल. दारूने घरं बुडालेली इथेही आहेत, नाही कशाला म्हणू? पण त्या खोलीत जास्त घेणाऱ्याला मालक स्वतःच "पुरो" म्हणून घरी पाठवायचा. कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको आजारी, सगळं त्याला ठाऊक.

ती तावेर्न आता नाही. मालक गेला, मुलं परदेशात. त्या जागी आज कपड्यांचं दुकान आहे. सासरे शेवटची दोन वर्षं घरातच बसून पेग घ्यायचे, आणि ते त्यांना कधीच आवडलं नाही. म्हणायचे, "एकट्याने घेतली की ती नुसती दारू."

अशा जागा कमी होत चालल्यात, पण अजून आहेत. फोंतेन्हासला लागून सां तोमे नावाचा भाग आहे, तिथला जोसेफ बार पाहुण्यांनाही माहीत झालाय. जागा इतकी छोटी की निम्मी माणसं बाहेर गल्लीत उभी असतात. बसून, मुलांना घेऊन जेवायचं असेल तर ३१ जानेवारी रस्त्यावरचं व्हेनिते आहे, जुन्या घरात, अरुंद सज्जात टेबलं मांडलेलं. नाहीतर फोंतेन्हासच्या गल्लीतलं व्हिवा पणजी. दोन्हीकडे आधी विचारून जा.

एक मात्र लक्षात ठेवा. या गल्ल्यांत माणसं राहतात. तुम्ही ज्या निळ्या खिडकीखाली हसताय, तिच्याआड कुणाची तरी आजी झोपलेली असते. फोटोंच्या हौसेला वैतागून कित्येक घरांनी 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्यात. माझ्या एका मैत्रिणीच्या पायरीवर अनोळखी लोक पोज देऊन बसतात आणि तिला दूध घ्यायला दार उघडता येत नाही. ग्लास हातात घेऊन गल्लीत फिरू नका, रिकामी बाटली कुणाच्या कठड्यावर ठेवू नका. दहानंतर उघड्यावर गाणी लावायला कायद्यानेच बंदी आहे. समुद्रकिनाऱ्यावर पीत बसलात तर दंड, मिरामारच्या वाळूवरसुद्धा.

आता फेणीचं सांगते, कारण त्याबद्दल पाहुण्यांचे फार गैरसमज असतात.

काजू आमच्याकडे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. मार्चपासून बोंडू पिकून गळायला लागतात. ते तुडवून रस काढतात, काही दिवस आंबवतात, मग भट्टी लावतात. पहिल्या धारेची ती हुर्राक. हलकी, जेमतेम पंधरा टक्के अल्कोहोल. ती पुन्हा भट्टीला लावली की फेणी, साधारण ४२ टक्के. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माडाच्या सुरेपासूनही फेणी होते, दक्षिण गोव्यात तिचे भक्त जास्त. वासाने नाक मुरडू नका. थोडी घ्या, लिंबू-सोडा घालून घ्या. नकोच असेल तर कोकमाचा सोडा मागा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

हुर्राक टिकत नाही, म्हणून ती फक्त मार्च ते मे. लिमका, मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. उन्हाळ्यात असं काही लागतं की विचारू नका. आणि सगळा घात तिथेच होतो.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या बहिणीचा मुलगा तीन मित्रांना घेऊन आला होता. एप्रिल महिना. दोन भाड्याच्या स्कूटर. दुपारपासून हुर्राक चालू. संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले तेव्हा चौघेही नीट बोलत होते, हसत होते. मला संशयसुद्धा आला नाही. हो, मलाही नाही, तीस वर्षं इथे राहून. रात्री साडेअकराला निघाले कळंगूटला. पर्वरीच्या चढावर एक स्कूटर घसरली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. भाच्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, मागे बसलेल्या मित्राच्या डोक्याला अकरा टाके पडले. मागून ट्रक येत नव्हता एवढंच नशीब. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पहाटे तीनला मी बाकावर बसले होते आणि बहिणीला फोन करायचा धीर होत नव्हता. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या पोरगा म्हणाला, "मावशी, ते तर सरबतासारखं लागत होतं गं."

म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हॉटेलांच्या नावांआधी गाडीचं सांगते. शंभर मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड ही त्यातली स्वस्त गोष्ट. पणजीचा जुना भाग चालत फिरता येतो, राहायची जागाच इथे घ्या. लांब जायचं असेल तर ओला-उबरच्या भरवशावर राहू नका, गोवा माईल्स हे ॲप घालून ठेवा किंवा हॉटेलवाल्याला सांगून टॅक्सी आधीच ठरवा. दिवसा आणि संध्याकाळी 'पायलट' मिळतात, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. मागे बसायचं, पैसे ठरवून घ्यायचे. बस मात्र रात्री लवकर संपते. आणि स्कूटर भाड्याने घेतलीतच तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, साध्या पाटीची खासगी गाडी कुणी गळ्यात मारली तर नको म्हणा.

गोव्यात दारूसाठी वयाची अट २१ आहे. बाटली घरी न्यायची असेल तर दुकानातून बिल घ्या आणि परवान्याचं तिथेच विचारा, सीमेवर तपासणी होते. "मावशीने दिली" हे उत्तर तिथे चालत नाही.

तुमच्यापैकी निम्मे जण पिणारे नसतील, मुलं तर नाहीतच. मग रात्र वाया जाते का? मुळीच नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री या. वाड्यावाड्यांत नरकासुर उभे असतात, काही दोन मजली घराएवढे. रात्रभर ढोल, गाणी, कुणाचा नरकासुर जास्त अक्राळविक्राळ याची चढाओढ, आणि पहाटे त्यांचं दहन. पोरं खांद्यावर झोपून जातात, पण घरी चला म्हणत नाहीत. कान मात्र दुखतात, कापसाचे बोळे जवळ ठेवा.

डिसेंबरात ८ तारखेला पायऱ्यांच्या त्या पांढऱ्या चर्चचं फेस्त असतं. अख्खं चर्च दिव्यांनी उजळतं आणि खालच्या रस्त्यावर खाजे-चणे-खेळण्यांची फेरी लागते. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव, लेंटच्या आधी कार्निव्हल, त्यानंतर शिगमोच्या मिरवणुका. कांपालला चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कला अकादमी आहे, तिथे काय चाललंय ते वर्तमानपत्रात बघा. कोकणी तियात्र लागलं असेल तर भाषा निम्मीच कळली तरी चालेल. १८९२ साली मुंबईत सुरू झालेलं हे नाटक अजून घरं भरभरून चालतं. तुमच्या शेजारची बाई हसून हसून तुम्हाला कोपर मारेल आणि मग मध्यंतरात अर्थ सांगेल.

गेल्या जानेवारीत भाचा पुन्हा आला होता, बायकोला घेऊन. फेरीने बेतीला जाऊन आले, गाड्यावर रॉस ऑम्लेट खाल्लं, सां तोमेत गल्लीत उभं राहून एकेक ग्लास घेतला. तिने फेणी, त्याने कोकम. साडेदहाला चालत घरी. मी दार उघडलं तर म्हणाला, "मावशी, अजून सगळे तिथेच आहेत गं, आम्हीच लवकर आलो." मी म्हटलं, मग जा परत, किल्ली घेऊन जा. गेले, आणि बाराला परतले. सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण ते?" तिने उत्तर दिलं, "आम्हीच, आजी," आणि चपला हातात घेऊन दोघं जिना चढले.