हाताचे टक्के, कमाईचे टक्के

कान दगा द्यायला लागले तेव्हा पुण्यातल्या एका वकीलसाहेबांनी डॉक्टरांची उलटतपासणी जुनिअरकडे सोपवली. जीव तुटला. डॉक्टरला पिंजऱ्यात घाम फोडायची त्यांची हौस जुनी, आणि ते ती लपवतही नाहीत.

त्यांचे बहुतेक दावे 1923 च्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या, कामगार नुकसानभरपाई कायद्याखालचे. प्रेस मशीनखाली अंगठा गेला तर परिशिष्टात 30 टक्के छापलेलेच आहेत. पण बोटं जागेवर आहेत, नुसती मिटत नाहीत, तेव्हा? कलम 4 म्हणतं, कमाईची क्षमता किती घटली ते डॉक्टरने ठरवावं. डॉक्टरच्या दाखल्यावर मात्र येतात हाताचे टक्के, म्हणजे हात किती निकामी झाला ते. प्रतापनारायण सिंह देव खटल्यात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान शंभर टक्के मानलं. तरीही विमा कंपनीचे वकील दाखल्यावरचा आकडाच धरून बसतात.

खरा तिढा पुढे आहे. समजा, दावा चालवणाऱ्या आयुक्तांनी डॉक्टरला समन्स काढायला नकार दिला, किंवा कंपनीच्या अर्जावर फेरतपासणीचा हुकूम केला. त्यावर अपील नाही. कलम 30 मध्ये मोजकेच आदेश बसतात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. उरतो राज्यघटनेचा अनुच्छेद 227, म्हणजे उच्च न्यायालयाची देखरेख. तिथे जावं तर मूळ दावा खोळंबतो, आणि कंपनीला कुठे घाई असते? न जावं तर शेवटच्या अपिलात वैद्यकीय पुरावा नव्याने तोलला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गोल्ला राजन्ना निकालाने ही मर्यादा अधोरेखित केली ती कामगाराच्या बाजूने. कामगार खाली हरला की तीच त्याच्या आड येते.

म्हणून साहेब अर्ज लेखी देतात, नकारही लेखी मागून घेतात. पुरावाच येऊ दिला नाही, हा पुढे कायद्याचा प्रश्न होतो. ऊठसूट रिट टाकणाऱ्यांना ते ‘बोर्डावर नाव बघायला जाणारे’ म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या कपाटात मात्र, नाव छापून आलेल्या निकालांसाठी एक खास कप्पा आहे.

जुनिअरने परवा डॉक्टरला एकच विचारलं, “प्रेसवरचं काम कधी पाहिलंय?” “नाही.” ती खाली बसली. साहेबांच्या ओठांवर आणखी दहा प्रश्न होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वकीलपत्र काढून पाहिलं, त्यावर आपलं नाव तिच्या आधी आहे ना.