ध्वजस्तंभाची सावली

आपल्या शाळेच्या प्रांगणातील जुना ध्वजस्तंभ आता राहिलेला नाही. त्या जागी सिमेंटचा चौथरा आणि स्टीलचा उंच खांब आला आहे. परंतु १९८४ ते १९९० या काळात वसतिगृहात राहिलेल्यांना तो बारा फुटी सागवानी खांब नक्की आठवत असेल. सकाळची वंदना त्याच्यासमोर होत असे आणि दर रविवारी दुपारी त्याची सावली मोजण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. भूगोलाच्या सरांनी ही प्रथा सुरू केली होती. बाराच्या सुमारास सावली आखूड होत होत जिथे थांबे, तिथे विटेचा तुकडा पुरायचा, वहीत तारीख आणि लांबी लिहायची. कशासाठी, हे त्यांनी दिवाळीपर्यंत सांगितले नाही. “रोज एहिपस्सिको म्हणता ना? मग या आणि पाहा,” एवढेच ते म्हणत.

विटेचे तुकडे खांबापासून उत्तरेकडे सरकत गेले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सावली जवळजवळ खांबाएवढी, केवळ दोन इंच कमी भरली. मग काही दिवस ती जागची हलेना, आणि जानेवारीत परत फिरली. सर्वांत मोठे नवल मात्र पुढच्या जूनअखेरीस, सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर दिसले. ढगांतून अर्धा तास ऊन पडले आणि पाहतो तो सावली खांबाच्या दक्षिणेला, जेमतेम सहा इंच! सूर्य आपल्या डोक्यावरून ओलांडून उत्तरेकडे गेला होता. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि आपली शाळा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे एकवीस अंशांवर आहे, म्हणून हे घडते, असे सरांनी सांगितले तेव्हा ते वाक्य आम्हाला पाठ करावे लागले नाही. ते आम्ही जमिनीवर पाहिले होते.

तिरप्या किरणांनी थंडी का पडते, हे त्यांनी भोजनगृहात समजावले. वाढपी काकांच्या पातेल्यातील डाळ तेवढीच, पण पंगत लांबली की प्रत्येकाच्या ताटात कमी पडते. डिसेंबरच्या दुपारी सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण पंचेचाळीस अंशांवरच असतो. तोच प्रकाश अधिक जमिनीवर पसरतो आणि प्रत्येक हातभर जागेच्या वाट्याला सुमारे सात-दशांशच येतो. त्यातच दिवस अकरा तासांचा, तर जूनचा जवळजवळ साडेतेरा तासांचा. डाळीचे उदाहरण आम्हाला इतके पटले, की पंगतीच्या शेवटी बसणाऱ्यांना आम्ही ‘डिसेंबर’ म्हणू लागलो. (मी बहुधा डिसेंबरच असे.)

आणि मग सरांनी सांगितले की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण शेकोटीभोवती कुडकुडत बसलेले असताना. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, तर जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लाख. हे ज्ञान घेऊन मी आठवीच्या उन्हाळ्यात गावी गेलो.

माझी माय मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जाई. पहाटे तीनला जंगलात, परतल्यावर पुडे बांधायचे, मग फळीवर नेऊन मोजून द्यायचे. त्या दुपारी आमच्या छपरीत पाच-सहा बाया पुडे बांधत बसल्या होत्या. मायने कपाळाचा घाम पुसत विचारले, “यंदा सूर्य जवळ आला काय रे बाबू?” मी मोठ्याने हसलो आणि सर्वांसमोर म्हणालो, “माय, तुला काहीच कळत नाही. सूर्य जानेवारीत जवळ असतो.” बाया हसल्या. माय हसली नाही. तिने हातातला पुडा बांधून पुरा केला आणि दुसरा घेतला. माझे उत्तर बरोबर होते. आजही ते आठवले की मान खाली जाते.

शाळेने मला अभियंता केले. गेली अनेक वर्षे मी औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरवर काम करतो. ज्या कोळशावर माझी उपजीविका आहे, तो म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठवलेले ऊनच. आपण ते एका पाळीत जाळतो.

काही वर्षांपूर्वी मायने तोच प्रश्न पुन्हा विचारला, निराळ्या शब्दांत. “पूर्वी दिवस तापायचा, पण रात्र निवायची. आता रात्रही निवत नाही.” या वेळी मी खाली तिच्याजवळ बसलो. सूर्य जवळ आलेला नाही आणि तो अधिक तेजस्वीही झालेला नाही. १९७८च्या अखेरीपासून उपग्रह त्याचा प्रकाश मोजत आहेत आणि त्यात या तापण्याचे कारण सापडत नाही. बदलली आहे ती आपली गोधडी, असे मी म्हणालो. गोधडी स्वतः तापत नाही, अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. दिवसा तापलेली जमीन ती उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी आकाशात परत पाठवते आणि हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड ती वाटेत अडवतात. ही गोधडी मुळीच नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश असते. पण हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे २८० होते, ते दीडेक शतकात ४२०च्या वर गेले. सारी पृथ्वी सरासरीने एक अंशाहून अधिक तापली आहे.

“मग ही गोधडी जाड कोणी केली?” तिने विचारले.

“कोळसा, पेट्रोल जाळून. आमच्या चिमणीतूनही जातो तो धूर.”

ती बराच वेळ वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत राहिली. तो पंखा मीच पहिल्या पगारातून बसवला होता. “तुझ्याच पगारावर तर घर उभं राहिलं,” ती म्हणाली. तो आरोप नव्हता, समर्थनही नव्हते. मला त्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, आणि या स्मरणिकेत ते लिहिता येईल असे वाटले होते, तेही जमलेले नाही.

गेल्या वर्षी २६ मे रोजी मी मुद्दाम गावी होतो. आमच्याकडे त्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. शाळेत असताना सुट्टीमुळे तो दिवस आम्हाला कधी खांबापाशी पाहता आला नव्हता. मी अंगणात मुसळ उभे धरले. सावली आखूड होत होत मुसळाच्या बुडाशी नाहीशी झाली. माय उंबऱ्यातून पाहत होती. मग डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि स्वतःच्या पायांभोवती सावली शोधू लागली.

“जवळ नाही, डोक्यावर आहे,” ती म्हणाली. “आता आत चल. ऊन लागेल तुला.”