तेलाआधी तोंड

मालिश करायला दोन हात लागतात, वाटीभर कोमट तेल लागतं आणि कुणीतरी पालथं पडून राहायला तयार असावं लागतं. या सामानात तोंडाचा कुठेही उल्लेख नाही. तरी आमच्या क्लासला येणारी प्रत्येक विद्यार्थिनी ते न चुकता बरोबर आणते. तेल संपतं, तोंड संपत नाही.

मी बायकांना मालिश शिकवते. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलंच, तर आमचे हे "ती क्लास घेते" एवढंच सांगून जिलबीकडे वळतात. ऐकणाऱ्याला तो गणिताचा वाटतो. वाटेना का! गणिताच्या मास्तरांचं एक बरं असतं. वर्ग बडबडायला लागला, की फळ्यावर काळ-काम-वेगाचं एक उदाहरण टाकायचं, सगळे गार. आमच्याकडे उलटं. इतर शाळांत मास्तर पाठ घेतात, आमच्याकडे साक्षात पाठ समोर येते! आणि अनोळखी बाईची उघडी पाठ समोर आली, की भल्याभल्यांचा धीर सुटतो. धीर सुटला की तोंड सुटतं. बडबडीचं मूळ बहुतेक वेळा आगाऊपणात नसतं, या संकोचात असतं.

बडबडीचे प्रकार मात्र निरनिराळे. एक असते 'धावतं समालोचन'. "आता मी खांद्याकडे चालले, आता खाली उतरते, हां, इथे गाठ लागली बरं का!" दुसरी 'चौकशीची खिडकी'. ही तेल चोळता चोळता मुलाचा पगार आणि सुनेचं माहेर काढून घेते. तिसरी 'वैद्य'. हिच्यासमोर कंबर धरायची सोय नाही. लगेच ओवा, मेथी आणि नणंदेचं ऑपरेशन सुरू. आणि चौथी आमची 'आकाशवाणी'. हिच्यावरून पहिल्या तिन्ही केंद्रांचं सहक्षेपण होतं.

"जरा बोललं तर बिघडलं कुठे, बाई?" असं तिनं मला पहिल्याच आठवड्यात विचारलं.

बिघडतं ते मानेत. पालथं पडलं तरी माणसाचा शिष्टाचार सुटत नाही. वरून वाक्य आलं, की ते बिचारं मान उचलून "हो का?" म्हणतं. दहा मिनिटं मळून सैल केलेले मानेचे स्नायू त्या एका "हो का?"साठी पुन्हा ताठ! शिवाय बोलणारीचा हात विषयाच्या चालीवर चालतो. माहेरचा विषय असेपर्यंत ठीक असतं. नणंद आली की दाब वाढतो, आणि तो सोसायचा कुणी, तर जिचा त्या नणंदेशी काडीचा संबंध नाही तिनं.

वर्ग जरा दबावा म्हणून मी इतिहास काढला. ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान मेझगर (१८३८–१९०९) यांच्या नावावर हातांच्या चालींची वर्गवारी सांगतात. नावं फ्रेंच, भारदस्त. एफ्ल्युराज, पेत्रिसाज, तापोतमाँ. म्हणजे हात फिरवणं, मळणं आणि थापटणं. वर्ग क्षणभर खरंच दबला. मग आकाशवाणी म्हणाली, "अगंबाई, म्हणजे मी रोज सकाळी वीस पोळ्यांचं पेत्रिसाज करते की!" पुढचा अर्धा तास कणीक या विषयावर परिसंवाद झाला.

शेवटी मदतीला धावून आली एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी. तिच्या एका पानाखाली डोक्यावरचा एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटानं शोधायचा. सापडला, की वर आणखी एक पान टाकायचं. मग आणखी एक. तिसऱ्या-चौथ्या पानाला बोटाला नुसता भास होतो, आणि त्या भासावर लक्ष ठेवताना बोलता येतच नाही. ज्या पुस्तकानं सबंध शहराला बोलतं केलं, त्यानं माझा वर्ग गप्प केला.

तरी आकाशवाणी कायमची बंद पाडावी असं मला वाटत नाही. त्याला कारण घडलं. सरावासाठी एक मावशी आल्या होत्या. अगदी अबोल. नेमानं विचारायचे प्रश्न मी विचारले. ताप? नाही. रक्तदाब? नाही. दुखणं? "काही नाही हो, थोडे पाय." इथे आकाशवाणीनं सूत्रं हाती घेतली. मावशी कुठून आल्या, लेकीकडून का, जावई कसा, गाडी कुठली, जागा खिडकीची मिळाली का? पाच मिनिटांत बाहेर आलं, की सबंध रात्र आणि अर्धा दिवस बसमध्ये पाय खाली सोडून बसणं झालेलं आहे, आणि दोन दिवसांपासून एकच पोटरी जड झाली आहे. तिनं साडी जरा वर सरकवून पाहिलं. एकच पोटरी सुजलेली, हाताला गरम. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. एक शब्द न बोलता.

असा पाय चोळायचा नसतो. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असली, तर ती चोळण्यानं सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग माणसाच्या जिवावर बेततं. मावशींना आम्ही तशाच डॉक्टरांकडे पाठवलं. गुठळीच निघाली. औषध वेळेवर सुरू झालं. तीन महिन्यांनी मावशी पेढे घेऊन आल्या आणि माझ्याशी दोन वाक्यं बोलून आकाशवाणीशी तासभर गप्पा मारत बसल्या.

तेव्हापासून क्लासच्या फळ्यावर एक ओळ कायम लिहिलेली असते. 'तेलाआधी तोंड, तेलानंतर हात.' तेलाला हात लागेपर्यंत हवं तेवढं बोला, विचारा, खोदून विचारा. एकदा तेल लागलं, की "दाब कसा आहे?" एवढंच, आणि उत्तर पुरं होईपर्यंत ओठ मिटलेले. आकाशवाणी हे वेळापत्रक पाळते. मधल्या वेळात तिचं फक्त घुर्र घुर्र ऐकू येतं, जुन्या रेडिओचं यायचं तसं.

सध्या मला काळजी आहे ती नव्या तुकडीतल्या एका मुलीची. हात सुरेख आहे, पण तीन आठवड्यांत ती कुणाशी चकार शब्द बोललेली नाही. "दाब कसा आहे?" हेसुद्धा विचारत नाही. तिला मी आकाशवाणीच्या शेजारचं टेबल दिलं आहे. बघू या, वाण नाही पण गुण लागतो का ते.