माया सोडून कापणे

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल गेल्या जूनपासून जेवायला मिळत नाही. त्यावर धाकट्या बहिणीचं शिवणयंत्र, खडू, कात्री आणि ब्राऊन पेपरच्या गुंडाळ्या असतात. आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन जेवतो. तक्रार करायचा अधिकार मला नाही. का, ते सांगतो.

आठ वर्षांपूर्वी ती बारावीला होती आणि मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिला निफ्टचा फॉर्म भरायचा होता. शिक्षणाचं काही ठरवायचं झालं की ‘दादाला विचारा’ ही घरची पद्धत. बाबांनी फोन केला आणि मी हॉस्टेलच्या गॅलरीत उभा राहून म्हणालो, “कपडे डिझाइन करण्यात चार वर्षं शिकण्यासारखं काय असतं? आणि हिला चित्रं तरी कुठे काढता येतात?” फॉर्म भरला गेला नाही. ती बी.कॉम. झाली, एका कंपनीत अकाउंट्सला लागली. गेल्या वर्षी स्वतःच्या पगारातून फी भरून तिने शनिवार-रविवारचा कोर्स सुरू केला.

पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून केस जळल्याचा वास आला. जाऊन बघतो तर ही चिमट्यात धागे धरून मेणबत्तीवर जाळतेय. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी उरते. रेशमाला केसांसारखा वास येतो, कारण दोन्ही प्रथिनंच. “दुकानदार सिल्क म्हणतो म्हणून ते सिल्क नसतं,” ती म्हणाली. चित्राची वही तोवर उघडलीही नव्हती.

मग ड्राफ्टिंग आलं. छाती, कंबर, खांदा, मुंढा अशी मापं घ्यायची आणि कागदावर आकृती काढायची. हे तर माझंच काम, असं मला वाटलं. इंजिनियरिंग ड्रॉइंगमध्ये मी बरा होतो. तिच्या मापांवरून मी पुढचा भाग आखला, मांजरपाटावर कापला, तिने शिवला. डमीवर चढवला तर मुंढ्यापाशी झोळ. सगळी मापं बरोबर होती. “टक्स कुठेयत?” तिने विचारलं.

सपाट कागद संत्र्याभोवती सुरकुती न पडता गुंडाळता येत नाही. असं का, हे गाउसने 1827 मध्ये सिद्ध केलं. टक्स म्हणजे कापडातून काढून घेतलेला कोन, तो घेतला की सपाट कापडाला फुगवटा येतो. तिने माझ्या आकृतीत छातीच्या बिंदूवर पेन्सिल टेकवली, कागद फिरवला, कमरेचा टक्स मिटवून खांद्यावर उघडला. कोन तेवढाच, जागा दुसरी. गाउसचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. मी ऐकलेलं होतं, आणि झोळ माझ्या ब्लाऊजला होता.

त्या रात्री शोधता शोधता कळलं, की चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने 1878 मध्ये पॅरिसला चक्क कपडे कापण्यावर व्याख्यान दिलं होतं. विणलेल्या कापडातले उभे-आडवे धागे फारसे ताणत नाहीत. बदलतो तो त्यांच्यातला कोन. चौकोनाचा तिरका चौकोन होतो. म्हणून तर उरेब कापड अंगाबरोबर वळतं. मादलेन व्हियोने 1920च्या दशकात असे उरेब कापलेले गाऊन शिवत होती. चेबिशेव्हची आणि तिची विद्या एकच होती, फक्त तिच्या हाताला कापडाचं वजन कळत होतं. ते हाताला कळायला किती उसवावं लागतं, हे मी आता रोज बघतो.

आणि मग आईचा कुर्ता आला. कोर्समध्ये प्रोजेक्ट होतं : एका माणसाची अडचण ओळखून त्याच्यासाठी कपडा करायचा. आईचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. मी विचारलं असतं, “आई, काय त्रास होतो?” आणि आई म्हणाली असती, “काही नाही रे.” हिने विचारलं, “आई, सकाळी आधी कुठला हात घालतेस?” मग दोन दिवस तिने नुसतं पाहिलं. डोक्यातून घालायचं काहीच नको, समोरून पूर्ण उघडणारं हवं, काखेत एक चौकोनी तुकडा जास्त हवा, एवढं तिच्या वहीत उतरलं. आईची अट एकच : “आजारी माणसाचं वाटायला नको.” म्हणून वरून साधी शोभेची बटणं, आत टिचबटणं.

44 इंच पन्ह्यात सगळे भाग उभा धागा सांभाळून कसे बसवायचे, हे ती कागद सरकवून बघत होती. कमी कापडात जास्त तुकडे बसवणं हा कॉम्प्युटरलाही छळणारा प्रश्न आहे, असं मी सांगितलं. तोवर तिने अर्धा मीटर वाचवला होता. मग एक्सेलमध्ये कापड, अस्तर, बटणं, शिलाईचे तास असा सगळा हिशोब पाच मिनिटांत मांडला.

मला संधी दिसली. म्हणालो, “म्हणजे अकाउंट्सची वर्षं फुकट नाही गेली.”

तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही. “फुकट नाही गेली, दादा. पण ती मी निवडली नव्हती.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्या फोनबद्दल सॉरी म्हणालो. “हं,” एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने कापड अंथरलं आणि खडू माझ्या हातात दिला. मी कागदाच्या कडेने नेमकी रेघ मारली.

“आणि माया?”

शिवणीसाठी सोडलेल्या कापडाला माया म्हणतात, हे तोवर माहीत झालं होतं. किती सोडायची, ते माहीत नव्हतं.

“बाजूला चांगली इंचभर सोड. माणसाचं अंग बदलतं. पुढे लागलं तर उसवून सैल करता आलं पाहिजे.”

मी दुसरी रेघ मारली, पहिलीच्या एक इंच बाहेरून. तिने टेप लावून ती तपासली, एका जागी पुसून सरळ केली, आणि कात्री घेतली.