हवेचा पाट

माणदेशात जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. एसटी दिवसातनं दोनदा येणार, तीही आली तर. मधल्या वेळेत बाजारकरी, आजारी माणसं, शाळेची पोरं, कोंबड्यांची खुराडी, सगळं वडापच्या जीपनं हलायचं. आमच्या अण्णांची जीप त्यातलीच. घर तिच्यावर चालायचं.

2013 च्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला. गावोगावची जनावरं चारा छावणीत गेली. आमच्या दोन गाई तिथंच, आणि त्यांच्यासोबत आईही. रानात काही नाही, आणि त्यातच जीपचं इंजिन बसलं. नवं घेण्याची ऐपत नव्हती. मिस्त्रींनी पलटी झालेल्या एका पिकअपचं टर्बो इंजिन स्वस्तात मिळवून दिलं. इंजिन ठणठणीत, फक्त इनटेक मॅनिफोल्डला तडा गेलेला. इंजिनचा नवा नंबर आरसी बुकात चढवायचे कागद अण्णांनी आरटीओत दिले. चैत्रातली शिखर शिंगणापूरची यात्रा तोंडावर आली होती. त्या चार-सहा दिवसांच्या भाड्यातनं जनावरं राखायची की विकायची, हे ठरणार होतं.

मॅनिफोल्ड म्हणजे हवेचा पाट. मोटेचं पाणी पाटातनं चार वाफ्यांत सोडावं, तशी ही ॲल्युमिनियमची नळी हवा चार सिलिंडरांत वाटते. साधं इंजिन हवा ओढून घेतं. टर्बोत बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चक्री फिरते, मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तिच्याच दांड्यावरची दुसरी चक्री हवा दाबून आत कोंबते. फट दोन्हीकडं वाईट, पण तऱ्हा वेगळी. साध्या इंजिनात फटीतनं धूळ आत जाऊन रिंगा खाते. टर्बोत दाबलेली हवा फुसकन बाहेर जाते, डिझेलला हवा पुरत नाही, काळा धूर निघतो आणि चढाला गाडी रडते.

कंपनीचं मॅनिफोल्ड परवडेना, म्हणून अण्णांनी तालुक्यातनं लोकल ओतीव माल आणला. बोल्टची भोकं तंतोतंत जुळली. अण्णा खूश.

मिस्त्रींनी पोत्यावर जुनं-नवं शेजारी शेजारी ठेवलं आणि बराच वेळ नुसतं बघत बसले. मग म्हणाले, "अण्णा, हे इंटरकूलरवाल्या इंजिनाचं हाय. हेड एकच, म्हणून बोल्ट बसत्यात. पर ह्याचं त्वांड म्होरं हाय, आपला टर्बो मागं. पंपाला हवेचा दाब कळवायची बारकी नळी जोडायला जागाबी न्हाई."

"मग परत द्यू?"

"कशाला? जुळवू की."

त्यांनी तोंड कापलं, टर्बोच्या दिशेनं फिरवलं आणि फलटणला नेऊन अर्गॉन वेल्डिंग करून आणलं. मी विचारलं, बसायची बाजू आधी सपाट करून का नाही घेतली? ते म्हणाले, "वेल्डिंगच्या धगीनं ॲल्युमिनियम वाकतंय. आधी डाग, मग घासणं." मग जाड काचेवर एमरी पेपर अंथरला आणि मॅनिफोल्डची बाजू गोल गोल घासत राहिले. मधूनमधून पोलादी पट्टी उभी धरून खालनं उजेड दिसतोय का बघायचं आणि फिलर गेजचं पातं सरकवून बघायचं. गॅस्केट ठेवून पाहिलं, तर ओतीव भोकं हेडच्या भोकांपेक्षा आखूड होती. चार ठिकाणी ओठ पुढं आलेला. खडूनं आखून तेही घासलं. नळीसाठी भोक पाडून आटे पाडले. मग डिझेलनं धुऊन पंक्चरवाल्याच्या हवेनं नळी दोनदा झाडली, कारण ॲल्युमिनियमचा एक कीस आत राहिला तरी तो थेट सिलिंडरात जाणार.

यात्रेला दोन दिवस उरले. मॅनिफोल्डची तोंडं बंद करून त्यात टायरच्या निम्म्याहून कमी हवा भरली आणि वरनं साबणाचं पाणी ओतलं. वेल्डिंगच्या कडेला एक बारका फुगा आला.

अण्णांचा धीर सुटला. "येवढ्या फुग्यानं काय हुतंय? लांबी भरा आन् बसवा. सोमवारी माणसं न्यायची हायत मला."

मिस्त्रींनी हात पुसले. "अण्णा, ही रिकामी गाडी असती तर बसवलं असतं. तुम्ही पंधरा माणसं घिऊन चढाला लागणार. निम्म्यात लांबी उडाली, गाडी मागं सरली, तर मी म्हसोबाला काय सांगू?"

अण्णा काही बोलले नाहीत. ते मॅनिफोल्ड फडक्यात गुंडाळलं आणि रात्रीच्या दुधाच्या टेम्पोनं स्वतः फलटणला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासणं, पुन्हा साबण. या खेपेला फुगा आला नाही. बोल्ट मधनं कडेकडं, थोडे थोडे करून तीन फेऱ्यांत आवळले.

चाचणीला मिस्त्री पुढं बसले आणि मी मागं, धूर बघायला. मागं डिझेलच्या दोन टाक्या पाण्यानं भरून ठेवलेल्या, माणसांच्या वजनाला. चढावर अण्णांनी तिसरा गिअर टाकला. टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली. मागं फक्त फुफाटा उडत होता. मिस्त्री खिडकीतनं मान बाहेर काढून ओरडले, "धूर?"

"न्हाई!"

यात्रेत अण्णा दिवसाला दोन-तीन तासच झोपले. मिस्त्रींनी मजुरी पाऊस पडल्यावर घेतली. जूनमध्ये छावणी उठली, तेव्हा आई दोन्ही गाई हाकत घरी आली. त्यांच्या मागं, गळ्यातली घंटा ऐकत, जीप पहिल्या गिअरमध्ये चालली होती.